ठाणे–पनवेल लोकल बेसिनवर: मुलांच्या दात घासण्याचा खेळ कसा मांडायचा

सकाळचा ब्रश बहुतेक घरांत कसाबसा उरकतो. खाली व्हॅनवाले काका हॉर्न मारत असतात, आणि तोंडाला वास आला तर शेजारी बसणारी मुलं नाक मुरडतील ही भीतीही असते. खरी गोची रात्रीची. आई-बाबांपैकी एकजण अजून गाडीत लटकलेला, मूल सोफ्यावर पेंगतंय, आणि आजी म्हणतात, “झोपू दे गं त्याला, सकाळी घासेल.”

कीड लागायला नेमकी रात्रच सोयीची असते. झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसभर तोंड धुऊन काढणारी आणि आम्ल सौम्य करणारी ही लाळच, त्यामुळे रात्रीच्या दुधाचा आणि बिस्किटाचा थर दातांवर तासन्‌तास तसाच राहतो. म्हणून हा सगळा खेळ मी रात्रीच्या ब्रशसाठी मांडते आहे. रात्रीचं जमलं की सकाळचं आपोआप सुधारतं. उलटं होताना मी फारसं पाहिलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गंमत ब्रशच्या आत असायला हवी. “ब्रश केलास तर मोबाइल देईन” असं म्हटलं की मूल मोबाइलकडे बघत पंधरा सेकंदांत ब्रश उरकतं. ब्रश करतानाच काहीतरी घडत असेल, तर तोंड दोन मिनिटं उघडं राहतं.

आधी दातांबद्दल थोडं

दुधाचे दात २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन होतात. “दुधाचे दात काय, पडणारच आहेत” हे वाक्य प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हणतंच. पुढचे पडतात सहा-सात वर्षांच्या आसपास हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षं मूल त्यांच्यावरच चावतं, आणि खाली येणाऱ्या कायमच्या दातांची जागाही त्याच राखून ठेवतात. दुधाच्या दातांचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड लवकर आत पोचते.

दुसरी भानगड सहाव्या वर्षी होते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. आईलाही ती दुधाचीच वाटते. नवी असताना ती इतर दाढांपेक्षा खाली असते, ब्रश तिच्या वरून निघून जातो आणि तिच्या खाचांमध्ये अन्न अडकत राहतं. मूल सहाचं झालं की टॉर्च घेऊन एकदा मागे बघाच.

साखरेबद्दल एवढं लक्षात ठेवा, किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकानं १९४० च्या दशकात दातांवरच्या थराचा पीएच मोजला, म्हणजे आम्लतेचा आकडा. तो जितका खाली, तितकं आम्ल जास्त. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांतच तो घसरतो, आणि पुन्हा जागेवर यायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ घेतो. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. म्हणजे जेवणाबरोबर एक अख्खा पेढा परवडला, पण तोच पेढा चार वेळा कुरतडून खाणं महागात जातं. संक्रांतीचा तिळगूळ आणि चिकीसारखे चिकट पदार्थ तर खाचांत अडकून बसतात, त्यामुळे त्या दिवशी रात्रीचा ब्रश चुकवू नका.

साहित्य आणि जागा

लहान डोक्याचा, मऊ केसांचा, जाड दांड्याचा ब्रश. केस पसरले की बदलायचा, नाहीतर तीन महिन्यांनी. रंग मुलालाच निवडू द्या. वस्तू आपली आहे असं वाटणं इथून सुरू होतं.

पेस्ट फ्लोराइडची हवी. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दाखवतात, तेवढी मोठ्या माणसालाही लागत नाही. भारतात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, आहे. लहान मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते याहून बरंच कमी असतं, काहींत अजिबात नसतं, आणि ट्यूबवर मात्र स्ट्रॉबेरी आणि कार्टून मोठ्ठं असतं. ट्यूब उलटी करून आकडा वाचा. पुदिन्याची पेस्ट “तिखट लागते” असं मुलं म्हणतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात, त्यांना ती खरंच झोंबते. चव बदला, फ्लोराइड सोडू नका.

राखुंडी आणि मिस्री मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. राखुंडीनं दाताचं कवच घासलं जातं. मिस्रीत तर तंबाखूच असते, त्यामुळे तिथे आजीचा मान वगैरे काही नाही.

बेसिनपुढे घट्ट बसणारं स्टूल ठेवा. मुलाला आरशात स्वतःचं तोंड दिसायला हवं. तुम्ही मुलाच्या मागे उभं राहायचं आणि त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकवायचं. समोर उभं राहून घासलं की उजवं-डावं उलटं होतं, हात अवघडतो आणि मूल मागे मागे सरकतं. मागून घासलं की दोघांना एकच आरसा दिसतो. तीनच्या आतलं मूल असेल तर त्याला मांडीवर आडवं करा. दोघं मोठे हाताशी असतील तर गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसा, दोघांच्या मांड्यांवर मूल निजवा, एकानं हात धरायचे आणि दुसऱ्यानं घासायचं.

नळ बंद, मगमध्ये पाणी. मोरबे धरण भरल्याची बातमी आली की नवी मुंबईत सगळ्यांना आनंद होतो, पण ब्रश करताना नळ वाहत असतोच. नळ बंद ठेवणं हा खेळाचाच नियम करून टाका.

आणि वेळ. रात्री साडेदहाला पेंगलेल्या मुलाबरोबर कुठलाच खेळ रंगत नाही. जेवण झालं की तोंड कोरडं व्हायच्या आत बेसिनवर. रात्री दूध घेण्याची सवय असेल तर ते जेवणाबरोबरच द्या. ब्रशनंतर फक्त पाणी.

पहिला रविवार: शत्रू दाखवा

दातांवर काहीतरी आहे हे मुलाला दिसतच नाही. आपण “नीट घास” म्हणतो, ते म्हणतं “घासलं की!”, आणि त्याच्या परीनं ते खरंच असतं. म्हणून एकदा थर रंगवून दाखवायचा.

दंतवैद्यांकडे यासाठी रंगाच्या गोळ्या मिळतात. घरी खाण्याचा रंग चालतो. दोन चमचे पाण्यात लाल किंवा निळ्या रंगाचे एक-दोन थेंब टाका. ओठांना आधी थोडं तूप लावा, नाहीतर ओठ दिवसभर रंगलेले राहतात. इअरबड बुडवून दातांवरून फिरवा, मग एक चूळ भरून थुंकायला सांगा. जिथे थर आहे तिथे रंग चिकटून राहतो. बहुतेकदा हिरडीलगत, खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि अगदी मागच्या दाढांवर.

आमचा धाकटा आरशात बघून ओरडला, “आई, मी राक्षस!” मग त्यानं स्वतःहून ब्रश घेतला आणि रंग जाईपर्यंत घासत राहिला. अर्थात पुढच्या बाजूनं. आतला निळा तसाच होता, आणि तो दिसल्यावर मला जास्त काही बोलावं लागलं नाही.

जीभ आणि हिरड्या काही तास रंगलेल्या राहतात, म्हणून हे शाळेच्या सकाळी करू नका. जुना टी-शर्ट घाला. थुंकता न येणाऱ्या छोट्यांना रंग लावू नका. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. रोज केलं तर गंमत जाते आणि ती परीक्षा होऊन बसते.

खेळ: पंधरा स्टेशनं, दोन मिनिटं

ट्रान्स-हार्बर या लोकलच्या मार्गावर ठाणे ते पनवेल पंधरा स्टेशनं आहेत. १२ जानेवारी २०२४ ला दिघा गाव सुरू झालं आणि आकडा पंधरावर आला. पंधरा स्टेशनं, प्रत्येकाला आठ सेकंद, म्हणजे बरोबर १२० सेकंद. दोन मिनिटांचा हिशेब रेल्वेनंच करून ठेवलाय, आपण फक्त तो तोंडात बसवायचा.

पहिली सहा स्टेशनं दातांच्या बाहेरच्या बाजूची. ठाणे म्हणजे वरच्या उजव्या दाढा, दिघा गाव वरचे पुढचे दात, ऐरोली वरच्या डाव्या दाढा. मग खाली उतरायचं. रबाळे खालच्या डाव्या दाढा, घणसोली खालचे पुढचे, कोपरखैरणे खालच्या उजव्या दाढा.

तुर्भ्याला गाडी वळते. इथून एक फाटा सानपाड्याकडून वाशीला जातो आणि दुसरा पनवेलकडे, तसा आपला ब्रशही इथे बाहेरून आत वळतो. तुर्भे खालच्या उजव्या दाढा आतून, जुईनगर खालचे पुढचे दात आतून, नेरूळ खालच्या डाव्या दाढा आतून. मग वर. सीवूड्स वरच्या डाव्या दाढा आतून, बेलापूर वरचे पुढचे आतून, खारघर वरच्या उजव्या दाढा आतून.

उरली तीन. मानसरोवरला वरच्या दाढांचा चावायचा भाग, दोन्ही बाजूंचा. खांदेश्वरला खालच्या दाढांचा. पनवेलला जीभ, मागून पुढे, हलक्या हातानं. मग थुंकायचं.

थुंकून झाल्यावर खळाळून चुळा भरू नका. तोंडात उरलेलं थोडंसं फ्लोराइड रात्रभर काम करत राहतं. आपल्याकडे तीन-तीन गुळण्या करायची सवय असते, ती मोडायला मुलांपेक्षा मोठ्यांनाच वेळ लागतो.

घोषणा महत्त्वाची. “पुढील स्टेशन, ऐरोली” म्हणायला तीन सेकंद, मग एक ते पाच मोजायचे. आठ झाले. घोषणा कोण करणार ते रोज बदला. बाबा उशिरा येणार असतील तर फोन स्पीकरवर ठेवून ते खऱ्या गाडीतून घोषणा करू शकतात, आणि मुलांना हे भयंकर आवडतं. आमच्या धाकट्यानं पहिल्याच रात्री तोंडात ब्रश धरून मला थांबवलं. “आई, सानपाडा राहिलं!” मी म्हटलं, “अरे, पनवेल गाडी सानपाड्याला जात नाही.” त्याला ते पटलं नाही. बाबांनी मोबाइलवर नकाशा दाखवला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. वाद झाला तरी चालेल, तोंड उघडं होतं!

घाई करणाऱ्याला नियम सांगा, ट्रान्स-हार्बरवर फास्ट लोकल नाही. सगळ्या गाड्या स्लो.

ब्रश कसा फिरवायचा? लहान मुलांसाठी छोटे छोटे गोल. अमेरिकेतले दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांच्या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत मुलांच्या हाताला जमते. केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर टेकवायचे आणि ब्रश पेन्सिलसारखा धरायचा, मुठीत आवळायचा नाही, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. करवतीसारखं आडवं घासणं टाळा.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या मुलांना लोकलचं काय कौतुक? त्यांनी बसचे थांबे घ्यावेत. माजिवडा, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. थांबे कमी पडले तर बिल्डिंगच्या गेटपासून आजोळापर्यंतचा रस्ता मुलालाच आखू द्या. मार्ग त्यानं ठरवला तर जास्त चांगलं. फक्त दातांचा एकही भाग सुटू नये आणि एकूण दोन मिनिटं व्हावीत.

पास आणि टीसी

चांदण्या चिकटवायचे तक्ते सगळीकडे मिळतात. मला ते रुचत नाहीत, कारण चार दिवसांत ते भिंतीचा भाग होतात आणि कुणाला दिसेनासे होतात. त्यापेक्षा एका पुठ्ठ्यावर महिन्याचा पास करा. नाव, फोटो, “ठाणे ते पनवेल”, आणि खाली तीस चौकोन. रोज पनवेलला पोचलं की एक चौकोन पंच होतो. पंचिंग मशीन स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, आणि त्या ‘खट्’ आवाजासाठी मुलं बरंच काही करतात.

पंच करणार कोण? इथे आजींना आणा. आमच्या घरात “झोपू दे गं” म्हणणाऱ्या सासूबाईंना मी टीसी केलं. आता त्या चष्मा नाकावर ओढून बेसिनच्या दारात उभ्या राहतात. “तिकीट दाखवा.” धाकटा आ करतो. त्या टॉर्च मारून मागच्या दाढा बघतात आणि पटलं नाही तर म्हणतात, “नेरूळला उतरला नव्हतास, परत जा.” मी म्हटलं असतं तर रडारड झाली असती. टीसीशी कोण वाद घालणार? शिवाय त्यांची कवळीही रात्री वाटीत जाण्याआधी ब्रशनं घासली जाते, आणि त्यांचा पास वेगळा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. पास मोडत नाही. अनेक अ‍ॅपमध्ये एक दिवस चुकला की मोजणी शून्यावर येते, आणि मोठी माणसंही तिथेच ते अ‍ॅप काढून टाकतात. मुलाचं तर लगेच “आता काय उपयोग” सुरू होतं. म्हणून महिन्याला दोन मेगाब्लॉक ठेवा, रेल्वे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवते तसे. उलट्या झाल्या, ताप आला, लग्नाहून मध्यरात्री परतलो, मेगाब्लॉक जाहीर. त्या चौकोनात ‘मे’ लिहायचं. त्या रात्री निदान पाण्याची चूळ भरायची, आणि दुसऱ्या दिवशी गाडी वेळापत्रकाप्रमाणे सुटते. घरातले झाडून सगळे प्रवासी मेगाब्लॉक ओळखतात, त्यामुळे समजवावं लागत नाही. मात्र मेगाब्लॉक जाहीर करायचा अधिकार मोठ्यांकडे.

भावंडांत शर्यत लावू नका. थोरली नेहमी जिंकते, धाकटा एका आठवड्यात ब्रश फेकतो. दोघांची एकच गाडी, दोघं पोचली तरच पंच. मग थोरली स्वतः धाकट्याला हाक मारून आणते.

बक्षिसाचं काय

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालशाळेत एक प्रयोग केला. स्केचपेननं चित्रं काढायची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. काहींना सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल, काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात पेनं मोकळी ठेवली, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आवडीचं काम बक्षिसासाठीचं काम झालं की बक्षीस गेल्यावर कामही जातं.

यावरून बक्षीसच नको असं काही जण सांगतात. मला ते टोकाचं वाटतं. त्या मुलांना चित्रं आधीपासून आवडत होती, दात घासणं कुणाला जन्मतः आवडत नाही. सुरुवातीला थोडी ढकलगाडी लागते. फक्त तीन पथ्यं पाळा. गोड नको, हे सांगायची गरज नसावी, पण “ब्रश केलास ना, हे घे चॉकलेट” मी पाहिलेलं आहे. दुसरं, बक्षीस ब्रश करण्याबद्दल द्या, “एकही दात किडला नाही” याबद्दल नको. कीड लागणं पूर्णपणे मुलाच्या हातात नसतं, आणि बक्षीस हुकेल म्हणून दुखणारा दात मूल लपवायला लागतं. तिसरं, वस्तूपेक्षा हक्क द्या. उद्याची घोषणा कोण करणार, पुढचा ब्रश कुठल्या रंगाचा, रविवारी तलावपाळीला जायचं की उपवनला, हे ठरवण्याचा हक्क.

पूर्ण पासचं मोठं बक्षीस एकच. ठाण्याहून खऱ्या पनवेल लोकलमध्ये बसायचं, रविवारी दुपारी, गर्दी नसताना. खरा मेगाब्लॉक आहे का ते आधी बघून घ्या! प्रत्येक स्टेशनला मूल दात दाखवत सांगतं की हे कुठलं. डब्यातले लोक बघतात. बघू देत.

वयाप्रमाणे

पहिला दात आला की घासायला सुरुवात. या वयात खेळ म्हणजे तुमचा आवाज आणि हातात धरायला दुसरा ब्रश, बस्स. बाटली तोंडात ठेवून झोपवणं मात्र बंद करा, वरचे पुढचे दात त्यानंच काळे पडतात.

तीन ते सहा हे खेळाचं खरं वय. आधी मूल घासतं, मग आई किंवा बाबा, आणि मोजायची गाडी मोठ्यांची. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या बोटांना हे काम नीट जमत नाही, म्हणून “त्याला स्वतःला येतं आता” यात फसू नका.

सहा ते नऊमध्ये खेळात नकाशा आणा. दात पडतात, नवे येतात, वहीत तोंडाचं चित्र काढून तारीख घालायची. मागची नवी दाढ आली की ती नवीन स्टेशन म्हणून जाहीर करा, दिघा गावाचं उद्घाटन झालं तसं, रिबीन कापून. दोन दात एकमेकांना चिकटून असतील तिथे फ्लॉसचा धागा मोठ्यांनी फिरवायचा.

नऊच्या पुढे स्टेशनं बालिश वाटतात. त्यांना आकडे आवडतात. टायमर, रंगाच्या चाचणीचे आधी-नंतरचे फोटो, आणि धाकट्याला शिकवायची जबाबदारी.

मोबाइलचे खेळ

२०२० मध्ये आलेलं ‘पोकेमॉन स्माइल’ फुकट आहे. कॅमेऱ्यासमोर ब्रश केला की पडद्यावर पोकेमॉन सुटत जातात. ब्रश अजिबात तोंडात न घेणाऱ्या मुलाला पहिले काही दिवस याचा उपयोग होतो. पण ही अ‍ॅपं चेहऱ्यासमोरची हालचाल बघतात, दाढेच्या मागे थर राहिला का हे त्यांना कळत नाही. मूल छान हात हलवतं आणि पोकेमॉन पकडतं. शिवाय रात्री झोपायच्या वेळी मोबाइल हातात गेला की तो परत घेण्यासाठी दुसरा खेळ शोधावा लागतो. वापरायचंच असेल तर कॅमेऱ्याची परवानगी आणि फोटो कुठे साठतात ते तपासा, आणि मोबाइल आरशाशेजारी उभा ठेवा, मुलाच्या हातात नको. माझं मत विचाराल तर वाळूचं दोन मिनिटांचं घड्याळ आणि टीसी आजी याला पुरून उरतात.

अडलं तर

मूल तोंडच मिटून घेतं तेव्हा आधी कारण शोधा. नवा दात येतोय का, हिरडी सुजली आहे का, तोंडात फोड आहे का? दुखत असेल तर खेळ कितीही चांगला असला तरी चालणार नाही.

ओकारी येत असेल तर ब्रशचं डोकं मोठं आहे किंवा पेस्टचा फेस जास्त होतोय. पेस्ट कमी करा, मान पुढे झुकवा, आतल्या स्टेशनांना आठाऐवजी चार सेकंद द्या आणि वाढवत न्या. थुंकायची परवानगी कुठल्याही स्टेशनला.

काही मुलांना केसांचा स्पर्श, फेस, आवाज हे सगळंच असह्य होतं, स्वमग्न मुलांमध्ये हे बरेचदा दिसतं. त्यांच्यासाठी घोषणा आणि पंचिंगचा गोंगाट उलटा पडतो. तिथे क्रम रोज अगदी तोच ठेवा, भिंतीवर चित्रं लावा, आवाज न करता बोटांवर मोजा. दोन स्टेशनांनी सुरुवात झाली तरी चालेल.

गावी गेल्यावर सगळं विस्कटतं. गणपतीत, मे महिन्यात, मागीलदारी दगडावर उभं राहून ब्रश करायला मुलं खूश असतात, पण रात्री कुणी आठवणही काढत नाही. पास बरोबर न्या. चुलत भावंडांना डब्यात घ्या. सात-आठ मुलं ओळीनं “पुढील स्टेशन, तुर्भे” म्हणायला लागली की आजोबाही येऊन उभे राहतात.

खेळ कधी आवरायचा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ लागले आणि कुणाला २५४. त्यामुळे “एकवीस दिवसांत सवय” वगैरे विसरा. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं फार बिघडलं नाही, म्हणजे मेगाब्लॉकला आधार आहे.

पहिल्या दोन पासांनंतर एकेक गोष्ट काढून घ्या. आधी मोठं बक्षीस महिन्याऐवजी तीन महिन्यांनी करा. मग रोजचं पंच आठवड्यावर न्या. घोषणा सगळ्यात शेवटी काढा, कारण तीच वेळ आणि क्रम सांभाळते. मूल मनातल्या मनात स्टेशनं म्हणायला लागलं की तुम्ही गप्प बसायचं. ब्रश आपोआप सुरू होतो पण तीस सेकंदांत संपतो असं दिसलं तर पुन्हा आठवडाभर घोषणा सुरू करा. टीसीची तपासणी मात्र सात-आठ वर्षांपर्यंत चालूच राहू द्या.

दंतवैद्याकडे

पहिला वाढदिवस होण्याआधी एकदा दाखवून आणा, मग सहा महिन्यांनी. कीड लागल्यावर पहिल्यांदा गेलं की दवाखाना आणि सुई यांची जोडी मुलाच्या डोक्यात पक्की बसते. दुखत नसताना गेलं की मूल खुर्चीवर वर-खाली फिरून येतं. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या पट्ट्यात दंत महाविद्यालयं आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात बालदंत विभाग असतो आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बहुधा कमी येतो. वेळ मात्र जास्त काढून जा.

घरी बघायचं ते एवढंच. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती कीड लागायची पहिली खूण आहे. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश लावून ती बरेचदा थांबवता येते. तपकिरी खड्डा दिसला, थंड पाण्यानं मूल कळवळलं किंवा एकाच बाजूनं चावायला लागलं, तर थांबू नका. सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेच्या खाचा बुजवणाऱ्या सीलंटबद्दल त्याच भेटीत विचारा, आणि जाताना पेस्टची ट्यूब बरोबर न्या, म्हणजे तुमच्या मुलासाठी त्यातलं फ्लोराइड पुरेसं आहे का ते डॉक्टर बघून सांगतील.